राजभवनातली फाइल आणि सिनेटचं कॅलेंडर

नवे राज्यपाल नेमले गेले की महाराष्ट्रात एक ठरलेला वाद पेटतो. राष्ट्रपती भवनातून पत्रक निघतं, त्यात चार-पाच राज्यांची नावं एकदमच असतात, शेवटी ‘पदभार स्वीकारल्याच्या तारखेपासून नेमणूक लागू’ अशी ओळ असते. दुसऱ्या दिवशी सकाळी फॅमिली ग्रुपवर मजकूर हजर: ‘अमेरिकेत असं चालत नाही. तिथे सिनेट माणसाला समोर बसवते, उलटतपासणी घेते, मगच खुर्ची देते. आपल्याकडे राज्यपालांची संसदेत सुनावणी का होत नाही?’ लिहिणारा बहुधा न्यू जर्सीत नाहीतर डॅलसच्या एखाद्या उपनगरात बसलेला असतो. पुण्या-नागपूरची मंडळी तो मजकूर ‘तिकडचाच माणूस सांगतोय’ म्हणून पुढे ढकलतात. तिकडच्या माणसाने सिनेटची, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहाची, सुनावणी यूट्यूबवरच्या दीड मिनिटाच्या तुकड्यात पाहिलेली असते, पण ते कोण विचारतो.

राज्यपालांची वकिली मला करायची नाही. राजभवनांची आता लोकभवनं झाली, पण आतली फाइल पूर्वीसारखीच पडून राहते, हे वॉशिंग्टनच्या रिंगरोडच्या, म्हणजे बेल्टवेच्या, आत राहूनही दिसतं. चीड येते ती या आळशी तुलनेची. अमेरिकेतून उचलायचं असेल तर तिथे जे चालतं ते उचला. सुनावणी हा त्यातला सर्वांत दिखाऊ आणि सध्या सर्वांत खिळखिळा भाग आहे.

मुळात जोडीच चुकीची लावली आहे. राज्यपालासारखं पद इथे नाहीच. व्हर्जिनियाचा गव्हर्नर लोक निवडून देतात, चार वर्षांसाठी, आणि त्याला लागोपाठ दुसऱ्यांदा उभंही राहता येत नाही. राज्य सरकारातला साधा कारकूनसुद्धा राष्ट्राध्यक्ष नेमत नाही. आपल्याकडे संविधान सभेने राज्यपाल निवडून द्यायचं आधी ठरवलं होतं. मे १९४९ च्या अखेरीस ते फिरवून नेमणुकीवर आणलं. कारण व्यवहारी होतं. निवडून आलेला राज्यपाल आणि निवडून आलेला मुख्यमंत्री एकाच राज्यात असले की रोज भांडण. म्हणून अनुच्छेद १५५ खाली राष्ट्रपतींच्या सहीशिक्क्याचं अधिपत्र, अनुच्छेद १५६ खाली ‘मर्जी असेपर्यंत’ मुदत, आणि अनुच्छेद १५७ खाली पात्रता फक्त दोन: भारताचा नागरिक आणि वयाची ३५ वर्षं पूर्ण. यापुढे काही नाही. अर्ज नाही, मालमत्तेचं विवरण नाही, मुलाखत नाही.

आता इथली पद्धत. राष्ट्राध्यक्षाच्या हातात साधारण चार हजार राजकीय नेमणुका असतात. त्यातल्या बाराशे ते तेराशे पदांना सिनेटची संमती लागते. ही सगळी पदं, वेतनश्रेणीसकट, २०२४ पर्यंत दर चार वर्षांनी निवडणुकीनंतर छापल्या जाणाऱ्या प्लम बुकात असायची. व्हाइट हाउसमधलं नेमणूक कार्यालय नाव ठरवतं, आणि खरं काम तिथून पुढे सुरू होतं. उमेदवाराला एसएफ-८६ भरावा लागतो: शंभराहून अधिक पानांचा सुरक्षा तपासणीचा फॉर्म, त्यात पूर्वीचे पत्ते, नोकऱ्या, परदेशातले नातेवाईक, परदेशातली बँक खाती. पुण्यात फ्लॅट असेल, सासूबाईंच्या जोडीने एखादी मुदतठेव असेल, तर तेही. मग एफबीआयचा तपास. त्याच्या जोडीला आर्थिक विवरणाचा २७८-ई, त्यात प्रत्येक शेअर, प्रत्येक फंड किमतीच्या पट्ट्यानुसार. हा २७८-ई सरकारी नीतिमत्ता कार्यालय आणि त्या खात्याचा नीतिमत्ता अधिकारी मिळून तपासतात, आणि उमेदवाराकडून लेखी करार घेतात: अमक्या कंपनीचे शेअर संमतीनंतर ठरावीक दिवसांत, बहुधा ९०, विकीन, तमक्या अशिलाच्या प्रकरणात हात घालणार नाही. शेअर विकल्यावर नफ्यावरचा कर पुढे ढकलायचा असेल तर विक्रीआधीच प्रमाणपत्र घ्यावं लागतं. आधी विकून मग अर्ज केला की सवलत गेली. कित्येकांची फाइल याच टप्प्यावर सर्वांत जास्त रखडते, कारण खासगी गुंतवणूक फंडाच्या आत नेमकं काय आहे हे फंडवाले लवकर सांगत नाहीत.

हे सगळं टीव्हीवर दिसत नाही. दिसते ती समितीतली सुनावणी: पाच-पाच मिनिटांचे प्रश्न, त्यातली तीन मिनिटं सिनेटरचं स्वतःचंच भाषण. खोदून विचारलेले प्रश्न नंतर लेखी जातात आणि त्यांची लेखी उत्तरं नोंदीत राहतात. पुढे समितीचं मतदान, मग नाव एक्झिक्युटिव्ह कॅलेंडरवर, म्हणजे सभागृहातल्या मतदानासाठी थांबलेल्या नावांच्या यादीत. तिथे कोणीही एक सिनेटर ‘होल्ड’ टाकू शकतो, म्हणजे एकमताने झटपट मंजुरी द्यायला नकार. मग चर्चा बंद करण्याचा ठराव, त्यावर मतदान, त्यानंतर उपमंत्री पातळीच्या पदांसाठी २०१९ पासून दोन तासांची चर्चा, मंत्रिपदांसाठी तीस तासांची, आणि शेवटी खरं मतदान. २०१३ मध्ये चर्चा बंद करायला लागणारी साठ मतांची अट गेली, २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टासाठीही गेली. आता साधं बहुमत पुरतं. अधिवेशन संपेपर्यंत निर्णय झाला नाही, किंवा तीस दिवसांपेक्षा जास्त खंड पडला, की नाव राष्ट्राध्यक्षाकडे परत. सगळी कागदपत्रं पुन्हा.

ग्रुपवरच्या मजकुरात असतं त्याप्रमाणे ‘सिनेट माणूस पारखते’ हे कितपत खरं? मंत्रिपदाचा उमेदवार सभागृहात मतदानाने पडला तो शेवटचा १९८९ मध्ये, जॉन टॉवर, ४७ विरुद्ध ५३. त्यानंतर ज्यांची नावं गेली त्यांनी मतदानाच्या आधीच माघार घेतली, जसं नोव्हेंबर २०२४ मध्ये मॅट गेट्झ यांनी सुनावणीच्या आधीच. जानेवारी २०२५ मध्ये संरक्षणमंत्री ५०-५० वर अडकले आणि उपाध्यक्षांच्या मताने पार पडले. २०२३ मध्ये अलाबामाच्या टॉमी टबरव्हिल या एकाच सिनेटरने पेंटागॉनच्या गर्भपात-प्रवास धोरणावरून फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत चारशेहून अधिक लष्करी बढत्या अडवून धरल्या. त्या अधिकाऱ्यांचा धोरणाशी काडीचा संबंध नव्हता. डॉ. विवेक मूर्ती यांचं नाव सर्जन जनरल, म्हणजे देशाच्या मुख्य सरकारी डॉक्टर, या पदासाठी नोव्हेंबर २०१३ मध्ये गेलं आणि संमती मिळाली डिसेंबर २०१४ मध्ये, ५१ विरुद्ध ४३. अडचण काय? बंदुका हा आरोग्याचा प्रश्न आहे असं त्यांनी लिहिलं होतं. ते झाल्यावर आपल्याच मंडळींनी ‘आपला माणूस’ म्हणून पेढे वाटले. पद वर्षभर रिकामं होतं आणि त्याच शरद ऋतूत इबोलाचे रुग्ण डॅलसमध्ये सापडत होते, ही गोष्ट पेढ्यांत विरघळून गेली.

आणि आताची गंमत ऐका. सप्टेंबर २०२५ मध्ये सिनेटच्या बहुमताने प्रथा बदलली आणि खालच्या पदांची नावं गठ्ठ्याने मंजूर करायला सुरुवात केली. पहिल्या गठ्ठ्यात ४८, ऑक्टोबरच्या गठ्ठ्यात १०७. एक मतदान, एकशे सात नेमणुका. हे राष्ट्रपती भवनाच्या पत्रकापेक्षा नेमकं कशात वेगळं, हे मजकूर पाठवणाऱ्याने समजावून सांगावं.

आता हीच सुनावणी दिल्लीत आणून बघा. राज्यसभेत राज्यपालांच्या नावावर मतदान घ्यायचं तर व्हिप निघणार. व्हिपच्या विरोधात मत दिलं की पक्षांतरबंदीच्या दहाव्या अनुसूचीखाली खासदारकी जाते. इथे रिपब्लिकन सिनेटर लिसा मर्कोव्स्की पक्षाविरुद्ध मत देतात आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर असतात. आपल्याकडे त्यांच्या जागी दुसरंच कोणी बसलेलं असेल. म्हणजे सुनावणी होईल, टीव्हीवर आठवडाभर गाजेल, आणि निकाल पक्षाच्या कार्यालयात आधीच ठरलेला असेल. ज्याला पारखायचं नाही त्याला परीक्षेचा मंडप उभारून काय मिळणार?

सिनेटपेक्षा बिनचेहऱ्याचा एक कायदा इथे जास्त काम करतो. १९९८ चा व्हेकन्सीज अ‍ॅक्ट. सिनेटच्या संमतीचं पद रिकामं झालं की कार्यवाहक म्हणून कोण बसू शकतो याच्या तीनच वाटा: त्या पदाचा पहिला सहायक, सिनेटने आधीच दुसऱ्या पदासाठी संमत केलेला कोणी, किंवा त्याच खात्यातला मागच्या वर्षभरात किमान ९० दिवस काम केलेला वरिष्ठ कर्मचारी. मुदत २१० दिवस. नवा राष्ट्राध्यक्ष आल्यावर सुरुवातीच्या रिकाम्या पदांना ३००. नाव सिनेटकडे गेलं तर ते तिथे असेपर्यंत कार्यवाहक बसू शकतो. नाहीतर खुर्ची रिकामी. आणि कलमाचा दात इथे आहे: नियमाबाहेर बसलेल्या माणसाने, फक्त त्या पदालाच करता येणारं काम केलं, तर त्याला कायदेशीर बळ नाही, आणि नंतर कोणी सही करून ते पावनही करू शकत नाही.

हे पुस्तकी वाटत असेल तर एच-वन-बीचंच उदाहरण घ्या, निदान इथली मंडळी तरी लक्ष देतील. जानेवारी २०२१ मध्ये गृहसुरक्षा खात्याने लॉटरी काढून टाकून जास्त पगाराच्या अर्जाला आधी व्हिसा देणारा नियम जाहीर केला. सप्टेंबर २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फेडरल कोर्टाने तो रद्द केला. कोर्टाला पगाराच्या पातळ्यांच्या तपशिलात शिरावंच लागलं नाही. खात्याचे कार्यवाहक प्रमुख चॅड वुल्फ त्या खुर्चीवर कायद्याने बसलेलेच नव्हते, एवढं पुरलं. एप्रिल २०१९ मध्ये आधीच्या मंत्री पायउतार झाल्या तेव्हा उत्तराधिकाराच्या क्रमात ज्याचं नाव पुढे होतं त्याऐवजी केविन मॅकअलीनन बसले. त्यांनी नोव्हेंबरमध्ये क्रम बदलून वुल्फ यांचा मार्ग मोकळा केला. पण जो स्वतःच चुकीच्या क्रमाने बसला तो क्रम बदलणार कसा? एका यादीतला एक क्रमांक चुकला आणि लाखो अर्जांचा नियम कोसळला. ज्यांना हा नियम नको होता त्यांना सुनावणीने वाचवलं नाही. वुल्फ यांचं नाव सिनेटकडे गेलं होतं, पण मंत्री म्हणून संमती काही मिळाली नाही.

दुसरं ताजं उदाहरण आमच्याच व्हर्जिनियाच्या ईस्टर्न डिस्ट्रिक्टचं. यूएस अ‍ॅटर्नी, म्हणजे जिल्ह्याजिल्ह्यातला केंद्राचा मुख्य सरकारी वकील, सिनेटच्या संमतीने नेमायचा. पद रिकामं असेल तर अ‍ॅटर्नी जनरल १२० दिवसांसाठी हंगामी नेमू शकतात. ते संपल्यावर नेमणुकीचा अधिकार जिल्हा न्यायालयाकडे जातो. २०२५ मध्ये पहिल्या हंगामी वकिलाचे १२० दिवस संपल्यानंतर काही महिन्यांनी अ‍ॅटर्नी जनरलनी दुसरी हंगामी नेमणूक केली, लिंडसे हॅलिगन यांची. त्यांनी एफबीआयचे माजी प्रमुख जेम्स कोमी आणि न्यूयॉर्क राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरल लटीशा जेम्स यांच्यावर आरोपपत्रं मिळवली. नोव्हेंबरमध्ये न्यायाधीशांनी दोन्ही फेटाळली. मुद्दा एकच: १२० दिवसांचं घड्याळ एकदाच चालतं, माणूस बदलला म्हणून ते पुन्हा शून्यावर येत नाही.

पळवाटा आहेतच. ‘कार्यवाहक’ हा शब्द टाळायचा, ‘संचालकांची कर्तव्यं पार पाडणारा वरिष्ठ अधिकारी’ अशी लांबलचक पाटी लावायची आणि अधिकार आतल्या आत सोपवायचे. असं वर्षानुवर्षं चालतं. दोन्ही पक्ष करतात. सिनेट सुट्टीवर असताना संमतीशिवाय नेमण्याची जुनी वाट मात्र जवळजवळ बुजली. २०१२ मध्ये ओबामांनी तीन दिवसांच्या फटीत कामगार संबंध मंडळावर तीन जण नेमले, आणि २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने नऊच्या नऊ मतांनी त्या नेमणुका रद्द केल्या; दहा दिवसांपेक्षा कमी खंड सहसा पुरेसा नाही, असं सांगितलं. त्यामुळे सुट्टीतही दर तीन दिवसांनी एखादा सिनेटर येतो, हातोडा आपटतो, मिनिटभरात परत जातो. कामकाज दाखवणाऱ्या सी-स्पॅन वाहिनीवर बघायला मजा येते.

आता महाराष्ट्राकडे वळा. अनुच्छेद १७१(५) खाली विधान परिषदेवर साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा या क्षेत्रांतले बारा जण राज्यपाल नामनिर्देशित करतात. नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने बारा नावांची यादी राजभवनात पाठवली. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं की वाजवी वेळेत निर्णय घेणं राज्यपालांचं कर्तव्य आहे. निर्णय झाला नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये नव्या सरकारने ती यादी मागे घेतली. ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभेची आचारसंहिता लागण्याच्या तोंडावर, सात जणांचा शपथविधी उरकला. मधल्या जवळपास चार वर्षांत कोणत्याही कलमाचा भंग झाला असं छातीठोकपणे सांगता येत नाही, कारण कलमात तारीखच नाही. त्या बाराही जणांची सिनेटसारखी सुनावणी घेतली असती, तरी फाइल तिथेच असती.

म्हणून मुदत. सरकारिया आयोगाने १९८८ च्या अहवालात सांगितलं की राज्यपाल बाहेरच्या राज्याचा असावा, नजीकच्या काळात सक्रिय राजकारणात नसावा, मुख्यमंत्र्यांशी सल्लामसलत व्हावी. वेंकटचलय्या आयोगाने २००२ मध्ये पंतप्रधान, गृहमंत्री, लोकसभेचे अध्यक्ष आणि संबंधित मुख्यमंत्री अशी समिती सुचवली. पुंछी आयोगाने २०१० मध्ये पाच वर्षांची पक्की मुदत आणि महाभियोगासारखी प्रक्रिया मागितली. तिन्ही अहवाल चांगले आहेत, तिन्ही कपाटात आहेत. २०१० मध्येच बी. पी. सिंघल खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की केंद्रात सरकार बदललं एवढ्यावर राज्यपालाला काढता येणार नाही. पण कारण आधी सांगायची सक्ती नाही. मग २०१४ मध्ये फोन गेले आणि राजीनामे आले, हे सगळ्यांना आठवत असेलच.

नोव्हेंबर २०२५ मध्ये राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नांवर सुप्रीम कोर्टाने मत दिलं: विधेयकांवर निर्णय घ्यायला राज्यपाल-राष्ट्रपतींना कोर्ट ठरावीक मुदत घालून देऊ शकत नाही, मुदत उलटली म्हणून ‘संमती मानली जाईल’ असंही म्हणता येणार नाही, फार दिवस विनाकारण फाइल दाबली तर मर्यादित आदेश देता येईल. ग्रुपवर यावर दोन दिवस शिव्याशाप झाले. मला ते मत चुकीचं वाटत नाही. इथेही २१० दिवस इथल्या संसदेने, म्हणजे अमेरिकी काँग्रेसने, कायद्यात लिहिले आहेत, कोर्टाने ते मोजून दिले. लिहिलेलंच नाही ते कोर्ट मोजणार कुठून?

स्थानिक पदांच्या बाबतीत तर आपली तुलना अगदीच लंगडी पडते. इथल्या स्थानिक खुर्च्या राष्ट्राध्यक्षाच्या हातून एकेक करून काढून घेतल्या गेल्या, आणि त्याला शंभर वर्षं लागली. पोस्टमास्तरचंच बघा. विसाव्या शतकातही बरीच वर्षं मोठ्या पोस्ट ऑफिसांचे पोस्टमास्तर राष्ट्राध्यक्ष नेमायचे, सिनेट संमती द्यायची, आणि खरं नाव सुचवायचा तो स्थानिक खासदार. पक्षाचं काम करणाऱ्याला मोबदला. जुलै १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांना वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर गोळ्या घालणारा चार्ल्स गिटो पॅरिसच्या वकिलातीतली जागा मागत फिरत होता. त्यातून १८८३ चा पेंडलटन कायदा आला, स्पर्धा परीक्षा आल्या. तरी पोस्टमास्तर सुटले नाहीत. ओरेगनमधल्या पोर्टलंडच्या पोस्टमास्तराला विल्सन यांनी १९२० मध्ये काढलं, मायर्स त्याचं नाव, आणि त्या खटल्यात १९२६ मध्ये सुप्रीम कोर्टाने राष्ट्राध्यक्षाचा काढण्याचा अधिकार उचलून धरला. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश टाफ्ट स्वतः आधी राष्ट्राध्यक्ष होते. खुर्चीची बाजू त्यांना आतून माहीत होती. १९७० च्या टपाल पुनर्रचना कायद्याने अखेर ही प्रथा मोडली. आपल्याकडचा पोस्टमास्तर खातेअंतर्गत परीक्षा देऊन चढलेला असायचा, गावचा आमदार त्याला नेमत नव्हता. त्याबद्दल कधी कोणी अभिमानाने लिहिल्याचं आठवत नाही.

राजदूतांचंही तसंच. भारताचे बहुतेक राजदूत परराष्ट्र सेवेतले असतात. इथे मोठ्या देणगीदाराला युरोपातली छानशी राजधानी मिळण्याची परंपरा दोन्ही पक्षांनी प्रेमाने जपली आहे. १९८० चा कायदा म्हणतो की राजकीय देणगी हा नेमणुकीचा निकष असू नये, आणि म्हणून उमेदवाराने स्वतःच्या आणि जवळच्या कुटुंबीयांच्या मागच्या चार वर्षांच्या राजकीय देणग्यांची यादी सिनेटच्या परराष्ट्र समितीला द्यायची. यादी प्रामाणिकपणे येते. नेमणूकही येते. सुनावणीवाल्यांनी ती यादी एकदा वाचून बघावी.

राहिलं वॉशिंग्टन शहर. १८७४ ते १९६७ पर्यंत राष्ट्राध्यक्षाने नेमलेले तीन आयुक्त ते चालवत. १९७३ च्या होम रूल कायद्याने महापौर आणि कौन्सिल निवडून द्यायची सोय झाली. पण शहराच्या स्थानिक कोर्टाचे न्यायाधीश आजही राष्ट्राध्यक्षच नेमतात, पंधरा वर्षांसाठी. सात जणांचा आयोग प्रत्येक जागेसाठी तीन नावं देतो आणि राष्ट्राध्यक्षाने त्यातून एक निवडायचं. साठ दिवसांत निवडलं नाही, तर आयोग स्वतःच नाव सिनेटकडे पाठवतो. मला या सगळ्या व्यवस्थेतलं सर्वांत शहाणं कलम हेच वाटतं. गाडी अडते ती पुढे, कारण सिनेटवर मुदत नाही. तिथे जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात, खटले साचतात, आणि ज्या शहराचे हे न्यायाधीश त्या शहराला सिनेटर एकही नाही, त्यामुळे ओरडायचं कोणाकडे? ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी होम रूल कायद्यातलंच कलम वापरून शहराचे पोलीस तीस दिवस ताब्यात घेतले. तिसाव्या दिवशी मुदत संपली. दिल्लीकरांना उपराज्यपालांच्या बाबतीत अशी तारीख कधी दिसली?

आणि मुंबई-पुण्यात? अनुच्छेद २४३-यू सांगतो की महापालिकेची मुदत पाच वर्षं, आणि ती संपण्याआधी निवडणूक पूर्ण व्हावी. इथे तारीख आहे. तरी मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षं प्रशासकाने कारभार केला. ओबीसी आरक्षण, प्रभागांची संख्या, प्रभागरचना, एकेक कारण कोर्टात गेलं. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने चार महिन्यांत निवडणुका घ्यायला सांगितलं, मग जानेवारी २०२६ अखेरपर्यंत वाढवून दिलं. देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेचं अंदाजपत्रक या काळात एका नेमलेल्या अधिकाऱ्याने दुसऱ्या नेमलेल्या अधिकाऱ्याला सादर केलं. मुदत लिहिली, पण मुदत उलटल्यावर काय होईल ते लिहिलं नाही, त्याचा हा परिणाम. प्रशासकाने सहा महिन्यांनंतर काढलेल्या मोठ्या निविदांना कायदेशीर बळ नाही, एवढं एक वाक्य कलमात असतं तर निवडणूक किती लवकर झाली असती याचा अंदाज ठेकेदारांना विचारा.

आपण परदेशातले लोक सुनावणीच्याच प्रेमात का पडतो, याचं उत्तर मला थोडंसं टोचतं. ज्या देशात आलो तो निवडणं शहाणपणाचं होतं, हे रोज कोणाला तरी पटवून द्यावं लागतं, आणि टीव्हीवरची सुनावणी त्याला सोयीची पडते. २७८-ई किंवा २१० दिवस दाखवून कोणी भारावत नाही. आपली स्वतःची जागा मात्र दोन्हीकडे विचित्र असते. ज्याने नागरिकत्व घेतलं त्याचं ओसीआय कार्ड म्हणजे आयुष्यभराचा व्हिसा. नागरिकत्व कायद्याच्या कलम ७-बी प्रमाणे त्या कार्डावर मतदारयादीत नाव लागत नाही, राष्ट्रपती-उपराष्ट्रपती होता येत नाही, सुप्रीम कोर्टाचा किंवा हायकोर्टाचा न्यायाधीश होता येत नाही, आमदार-खासदार होता येत नाही. राज्यपालपद अनुच्छेद १५७ नेच बंद. म्हणजे ज्या नेमणुकांवर आपण रात्री दोन-दोन तास टाइप करतो त्यांतल्या एकाही खुर्चीच्या जवळपास आपलं नाव जाऊ शकत नाही. ज्याने भारताचा पासपोर्ट ठेवला आहे तो फॉर्म ६-ए भरून मतदार होऊ शकतो, पण मत द्यायला मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः त्या मतदान केंद्रावर हजर व्हावं लागतं. ग्रीन कार्डच्या रांगेत उभा असलेला माणूस मतदानासाठी विमानाचं तिकीट काढत नाही, कारण परत येताना व्हिसाचा शिक्का लागेल आणि वकिलातीत अपॉइंटमेंट मिळत नाही. इकडे त्याला मतच नाही. एवढ्या सगळ्या ‘नाही’नंतर ग्रुप उरतो, आणि तिथे आवाज आपसूक चढतो. माझाही चढतो.

तरी कामाचं एक सांगून ठेवतो, कारण ते अवघड नाही. घटनादुरुस्तीचं नाव काढलं की लोक हात टेकतात, निम्म्या राज्यांची मंजुरी लागेल म्हणतात. अनुच्छेद ३६८ च्या परंतुकात जी यादी आहे त्यात राज्यपालांचा १५५ नाही, १५६ नाही, विधेयकांचा २०० नाही, आणि बारा आमदारांचा १७१ ही नाही. म्हणजे संसदेच्या दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश, एवढंच लागतं. विधान परिषदेची रचना तर १७१(२) खाली संसद साध्या कायद्यानेही बदलू शकते. मसुद्याला दोन ओळी पुरतात: मंत्रिमंडळाची यादी मिळाल्यापासून साठ दिवसांत राज्यपालांनी नामनिर्देशन करावं किंवा प्रत्येक नावापुढे लेखी कारण देऊन यादी परत पाठवावी, तसं न केल्यास एकसष्टाव्या दिवशी यादी राजपत्रात प्रसिद्ध करण्याची जबाबदारी विधिमंडळाच्या सचिवाची. ‘मानली जाईल’ असलं काही कोर्टाच्या तोंडी घालायची गरज नाही, संसदच लिहील.

खासगी सदस्याचं विधेयक म्हणून ते कोणत्याही शुक्रवारी दुपारी मांडता येतं. मात्र १९७० नंतर असं एकही विधेयक दोन्ही सभागृहांत संमत झालेलं नाही, त्यामुळे शेवटी ते सरकारनेच आणायला हवं, आणि केंद्रातलं कोणतंही सरकार ते तेव्हाच आणेल जेव्हा दोन-चार मोठ्या राज्यांत त्याच्याच पक्षाच्या याद्या दुसऱ्याने नेमलेल्या राज्यपालाच्या टेबलावर अडकलेल्या असतील.